मेणवलीची घंटा

माझं आजोळ वाईजवळचं मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेवरचा चंद्रकोरी घाट, घाटावर विष्णूचं आणि मेणेश्वराचं देऊळ, आणि देवळालगत टांगलेली ती भली मोठी घंटा. आजी नदीवरून परतताना तिचा लोलक एकदाच हलवायची आणि नाद पुरता विरेपर्यंत पाऊल उचलायची नाही. आम्हा पोरांनाही तसंच उभं करायची. मग गोष्टी सुरू व्हायच्या. गुरू कन्या राशीत आला की गंगा वर्षभर कृष्णेकडे येऊन राहते. पांडवगडावर पांडव राहून गेले. आणि ही घंटा चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकून आणली.

घंटेवर कडेवर मूल घेतलेली मेरी आहे आणि सालाचे आकडे, १७०७. आजी तिलाही कुंकू लावायची.

शाळेत १७३९ ची वसईची मोहीम शिकताना माझी मान ताठ व्हायची. त्या लढाईची वस्तू मी हाताने वाजवली होती. पुढे सनावळी नीट मांडली तेव्हा कळलं की वसई पडली तेव्हा नाना जन्मलेलेही नव्हते, आणि मेणवली त्यांना मिळाली ती १७६८ मध्ये. म्हणजे विजयानंतर बऱ्याच काळाने घंटा आमच्या घाटावर आली. तरी माझ्या मनातली गोष्ट सुरू व्हायची १७३९ लाच.

लग्नानंतर मी इंग्लंडात लफबरो गावी आले. इथे टेलरांचा घंटा ओतण्याचा कारखाना १८३९ पासून आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलची ‘ग्रेट पॉल’ घंटा १८८१ मध्ये इथेच ओतली. तांबं आणि कथील वितळवायचं, माती, वाळू, घोड्याची लीद, बकरीचे केस कालवून साचा करायचा, आणि घंटेवरची अक्षरं साच्यात उलटी उमटवायची. हे समजलं तेव्हा मेणवलीची मेरी मला पहिल्यांदा कुणाच्या तरी हातची वाटली. कुठल्या तरी भट्टीपाशी एका कारागिराने ते बाळ साच्यात जपून बसवलं होतं.

शेजारी एक वयस्क बाई राहायच्या. दुसऱ्या महायुद्धात १९४० च्या जूनपासून देशभरातल्या चर्चच्या घंटा बंद केल्या होत्या. शत्रू उतरला तरच वाजवायच्या. १९४२ च्या नोव्हेंबरात, एल अलामीनच्या विजयानंतर, त्या पुन्हा वाजल्या. तेव्हा आपली आई स्वयंपाक टाकून रस्त्यावर धावली होती, असं त्या बाई सांगत. ते ऐकताना मला वसई आठवली. तिथली घंटा गेली ती गेलीच. रविवारी सकाळी तिथे कोण थबकलं असेल, हे मी आजवर स्वतःला विचारलंच नव्हतं.

लंडनच्या महाराष्ट्र मंडळात एक मैत्रीण भेटली. वसईची, ख्रिस्ती, घरात सामवेदी बोली. मी कौतुकाने घंटेची हकीकत सांगितली. ती म्हणाली, “१७०७ ची ना? मग बत्तीस वर्षं ती आमच्याकडे वाजली असणार की गं.” रागाने नाही, हिशेब मांडावा तसं. तिच्या पूर्वजांची भाषा माझ्या आजीला थोडीफार तरी कळली असती. त्यांच्या बारशांना, लग्नांना, मयतांना ती घंटा वाजली असेल. नाशिकच्या नारोशंकराच्या आणि भीमाशंकराच्या घंटाही वसईच्याच मोहिमेतल्या म्हणून दाखवतात. त्यांच्याही मागे अशी घरं असणार.

चिमाजी अप्पांचा पराक्रम यामुळे उणा होत नाही. पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली गेली, माणसं छळली गेली, ते विसरून कुणी वसईबद्दल बोलू नये. पण माझ्या आजोळची आख्यायिका मला आता पुरती हवी आहे. पुढच्या खेपेला मैत्रीण मेणवलीला येणार आहे. घाटावर माझे भाचे पाहुण्यांना घंटा दाखवतात, धडाधडा १७३९ म्हणतात. त्यांना मी मैत्रिणीशेजारी बसवणार आहे. सुरुवातीची बत्तीस वर्षं तिने सांगावीत, पुढची मी सांगेन.