प्लायवूडमागची खिडकी

पंधरा वर्षं मी माझा पुण्यातला स्टुडिओ दिव्यांवर चालवला. दोन सॉफ्टबॉक्स, मागून एक रिम लाइट, काळा पडदा. उत्तरेला चांगली पाच फूट रुंद खिडकी होती, ती प्लायवूड ठोकून बंद केली होती. खिडकीचा उजेड म्हणजे ज्यांना दिवे परवडत नाहीत त्यांची सोय, असं मी शिकायला येणाऱ्या मुलांनाही ठासून सांगायचो. ते चूक होतं.

माझं काम फिगर फोटोग्राफीचं, म्हणजे मानवी देहाच्या अभ्यासाचं. माझ्याकडे बसायला येणाऱ्या मावशी त्याआधी बरीच वर्षं चित्रकलेच्या वर्गात मॉडेल म्हणून बसलेल्या. एका बैठकीत त्यांचे खांदे सारखे वर चढत होते. मी म्हटलं, "मावशी, जरा सैल बसा." त्या म्हणाल्या, "कशी बसू? तो दिवा फटकन पेटला की अंग आपोआप चोरलं जातं. वर्गात मला खिडकीपाशी बसवायचे. उजेड सरकायचा, मी हलायचे नाही."

त्या रविवारी मी प्लायवूड काढलं. खिडकीला मलमलचा पडदा लावला. त्याने उजेडही मऊ झाला आणि बाहेरच्या नजरेचा प्रश्नही मिटला. खाली घोंगडी, त्यावर लाकडी पाट, बस्स. मावशी पाठमोऱ्या बसल्या. मणक्याच्या पन्हाळीत सावली हळूहळू उतरत गेलेली दिसली. मग त्यांनी हात गुडघ्यावर ठेवला आणि मनगटावरचं हिरवट गोंदण उठून आलं. इतकी वर्षं माझ्या फ्लॅशने ते पुसून टाकलं होतं. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला तर ती बाजू सपाट झाली. तो काढून काळा कागद लावला तेव्हा कुठे दंडाला गोलाई आली.

हे मला आधीच कळायला हवं होतं. एडवर्ड वेस्टनने १९३६ साली कॅरिस विल्सनचं ते प्रसिद्ध छायाचित्र दारातल्या उन्हात घेतलं. रूथ बर्नहार्डने १९६२ मध्ये एका साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मॉडेलला आडवं केलं, आणि ते खोकंच चित्राची चौकट झालं. दोन्ही छायाचित्रं मी वर्गात दाखवत आलो, पण त्यातलं साधेपण मला दिसलं नव्हतं.

खिडकीच्याही अडचणी आहेत. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात भरदुपारचा सूर्यही डोक्यावरून थोडा उत्तरेला कलतो, सकाळ-संध्याकाळचं ऊन तर थेट आत येतं. पावसाळ्यात ढग आला की उजेड एकदम कमी होतो. मग ट्रायपॉड लावायचा आणि थांबायचं. हे थांबणं मला आता आवडतं.

त्या बैठकीतले सगळे फोटो मी आधी मावशींना दाखवले. त्यांनी फक्त हाताचा एक फोटो मागून घेतला, गोंदणाचा.