नाव कळले, चित्रपट राहिला

हंगाम हा शब्द आमच्या जालना जिल्ह्यात मुळात शेतीचा. खरिपाचा हंगाम, रब्बीचा हंगाम, मोसंबीचा हंगाम. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीची कणसे दुधावर येतात, शेताशेतांतून हुरड्याच्या आगट्या पेटतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत वर्तमानपत्रांच्या पानांवर दुसराच एक हंगाम सुरू होतो. चित्रपट पुरस्कारांचा. कुठल्या यादीत कोण आले, कोण राहिले, कोणावर अन्याय झाला, याची चर्चा सुरू होते. प्राध्यापक कक्षात होते, विद्यार्थ्यांच्या घोळक्यात होते, बसथांब्यावरही होते. यादीत मराठी नाव असले की अभिमान, नसले की संताप. गेली वीसेक वर्षे या प्रतिक्रिया ऐकताना एक गोष्ट सतत जाणवत आली आहे. या अभिमानाला किंवा संतापाला तो चित्रपट पाहिलेला असण्याची गरज पडत नाही.

प्रथम या हंगामाच्या परवलीच्या शब्दाकडे पाहू. ‘नामांकन’ म्हणजे नावाचे अंकन, नावावर उमटवलेली खूण. निवडणुकीत आपण ‘नामनिर्देशन’ म्हणतो. खेड्यातल्या माणसाला मात्र ‘नॉमिनी’ ठाऊक असतो तो बँकेच्या फॉर्मवरचा, म्हणजे आपल्या माघारी पैसे ज्याला मिळायचे तो. एकदा वर्गात या शब्दांची उकल करताना एक विद्यार्थी म्हणाला, “म्हणजे सर, चित्रपट मेल्यावर ज्याला पैसे मिळतात तो!” सगळा वर्ग हसला. विनोद सोडून दिला तरी त्यातला मुद्दा सोडून देता येत नाही. नाव यादीत उमटते, चर्चेत फिरते, प्रश्नपत्रिकेत येते, आणि ज्या कलाकृतीचे ते नाव, ती मागेच राहते.

सर्वांत मोठ्या यादीचेच उदाहरण घेऊ. ऑस्करच्या परभाषिक विभागाला २०१९ पासून ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ असे नाव मिळाले. या विभागासाठी प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो, आणि अखेरच्या नामांकनात पाच चित्रपट राहतात. या पाचांत पोहोचलेले भारतीय चित्रपट आजवर तीनच आहेत : ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. भारताने अधिकृतपणे पाठवलेले मराठी चित्रपटही तीनच : २००४ मध्ये संदीप सावंत यांचा ‘श्वास’, २००९ मध्ये परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि २०१५ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. तिघांपैकी एकही पाचांत गेला नाही. आपल्या प्रतिक्रियांचा इतिहास बहुधा एवढ्यावरच थांबतो : पाठवले, घेतले नाही, त्यांना आपले कळत नाही. पण हे तीन चित्रपट एकापुढे एक ठेवून पाहिले, तर ते आपल्याविषयीच काही बोलत होते असे लक्षात येते.

‘श्वास’ची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. कोकणातले एक आजोबा आपल्या नातवाला, परशाला, शहरातल्या डॉक्टरांकडे आणतात. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग आहे. जगायचे असेल तर डोळे जाणार. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर घेऊन जातात, कारण जे पाहायचे ते आत्ताच पाहून घ्यायला हवे. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांच्या या चित्रपटाने ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवून दिले. पुढे ऑस्करच्या प्रचारासाठी पैसे कमी पडू लागले, तेव्हा शासनापासून शाळकरी मुलांपर्यंत अनेकांनी मदत केली. त्या वर्गणीतला भाबडा चांगुलपणा मला आजही हलवतो. त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण जानेवारी २००५ मध्ये पाच नावे जाहीर झाली, त्यांत ‘श्वास’ नव्हता, आणि बोलणे एकदम बंद झाले. ‘पाहून घे’ असे सांगणाऱ्या चित्रपटाला आपण पैसे दिले, शुभेच्छा दिल्या, फक्त नजर द्यायची तेवढी राहून गेली. आजही एम.ए.च्या वर्गात ‘श्वास’ला कोणता पुरस्कार मिळाला असे विचारले की दहा हात वर होतात. आजोबा मुलाला बाहेर का नेतात असे विचारले की दोन.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’च्या बाबतीत तर हे काळाच्या हिशेबानेच घडले. सप्टेंबर २००९ मध्ये त्याची निवड झाली तेव्हा महाराष्ट्रभर आनंद झाला, पण चित्रपट सर्वत्र प्रदर्शित झाला तो जानेवारी २०१० च्या अखेरीस. त्याआधी काही दिवसांपूर्वीच ऑस्करची प्राथमिक यादी लागली होती आणि तो तिच्यात नव्हता. म्हणजे अभिमान आणि निराशा हे दोन्ही उपचार आटोपल्यानंतर चित्रपट आमच्यापुढे आला. विषय काय, तर दादासाहेब फाळके. चित्रपट पाहण्याच्या वेडापायी ज्यांची दृष्टी काही काळ गेली होती, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून जे १९१२ मध्ये लंडनला गेले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन उभे राहिले, ते फाळके. पाहण्यासाठी डोळे पणाला लावणाऱ्या माणसाचा चित्रपट न पाहता साजरा करणे, यापेक्षा मोठा विरोधाभास कोणता?

तिसरा ‘कोर्ट’. व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ मध्ये दोन पारितोषिके, २०१५ मध्ये राष्ट्रीय सुवर्णकमळ. हा मात्र ऐकण्याविषयीचा चित्रपट आहे. एका वृद्ध लोकशाहिरावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे गटारसफाई करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. न्यायालयात कलमे इंग्रजीत वाचली जातात, बचावाच्या वकिलाला मराठी नीट येत नाही, आणि ज्याच्यावर हे सगळे चालले आहे तो माणूस बहुतेक वेळ गप्प बसून असतो. शाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदार होते. ते स्वतः चळवळीतले माणूस, २०२१ मध्ये करोनाने गेले. याच चित्रपटात एक प्रसंग आहे. सरकारी वकील बाई सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीयाची खिल्ली उडवली जाते, मराठी बाण्याचे संवाद येतात आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणते. त्या टाळ्यांकडे दिग्दर्शक शांतपणे, काही न बोलता पाहतो. ‘कोर्ट’ ऑस्करला निघाला तेव्हा ज्यांनी मराठी बाण्याने टाळ्या वाजवल्या, त्यांच्यापैकी किती जणांनी पडद्यावरच्या या टाळ्या ऐकल्या असतील?

आमच्या महाविद्यालयात आम्ही ‘कोर्ट’ प्रोजेक्टरवर दाखवला. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून एस.टी.ने येणारी मुले. पहिली पंधरा मिनिटे कुजबुज, मग शांतता. चर्चेत पुरस्कारांविषयी कोणीच बोलले नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात तोंड उघडून बोलल्याचे मला आठवत नाही, ती म्हणाली, “आमच्या बापूंचं बी असंच हाय सर. बांधाचं भांडण हाय. तारखेला जातेत, येतेत. काय झालं ईचारलं तर म्हणतेत, वकिलाला माहीत.” या चित्रपटावर मी बरेच लेखन वाचले आहे. त्यातले फार थोडे या चार वाक्यांच्या जवळ जाते. पुढच्या महिन्यात तिने अंतर्गत मूल्यमापनासाठी ‘न्यायालयाची भाषा’ हा विषय घेतला. तालुक्याच्या ठिकाणी जाऊन, बाकावर बसून, कानावर पडलेले शब्द तिने वहीत उतरवून आणले : तारीख, हजेरी, उलटतपास, मुदत, जामीन. प्रत्येक शब्दापुढे तिच्या वडिलांना त्याचा लागलेला अर्थ. ‘तारीख’ या शब्दापुढे तिने लिहिले होते, ‘घरून भाकर बांधून न्यायचा दिवस’.

एके काळी पुरस्काराचा अर्थच ‘आता पाहायला मिळणार’ असा होता. रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट लागत. बंगाली, मल्याळी, कन्नड. भाषा कळत नसे, तळाची अक्षरे वाचण्याइतके इंग्रजी नसे, पण गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओसरीवर आम्ही बसत असू. त्याही आधी, १९५४ मध्ये, पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले, तेव्हा साने गुरुजींचे पुस्तक घरोघर पोहोचलेले होते आणि वनमालाबाईंची आई लोकांच्या डोळ्यांत साठलेली होती. पदक मागून आले. आज क्रम उलटला आहे. यादी मोबाइलवर क्षणात पोहोचते, चित्रपट जिल्ह्याच्या गावी येतोच असे नाही. आला तर गैरसोयीच्या वेळेचा एखादा खेळ, तोही पहिल्या आठवड्यापुरता. तेव्हा दोष केवळ प्रेक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण ज्याला पाहण्याची सोय मिळाली तोही नावावरच थांबतो, हे दुखणे वेगळे आहे.

आणि नावावर थांबले की काय निसटते, याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्याच गावचे शेतकरी नाटककार राजकुमार तांगडे यांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक लिहिले. ते २०१२ मध्ये रंगभूमीवर आले आणि गाजले. दिग्दर्शक नंदू माधव, म्हणजेच ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’तले फाळके. संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचे, आणि ‘कोर्ट’मधल्या शाहिराची गाणीही त्यांचीच. भारताने ऑस्करला पाठवलेल्या तीन मराठी चित्रपटांपैकी दोहोंचे धागे अशा रीतीने जालन्यातल्या एका खेड्याच्या नाटकाशी येऊन जुळतात. कुठल्याही नामांकनाच्या यादीत हे दिसणार नाही. यादी नावे सुटी सुटी करून मांडते, तर कला माणसामाणसांतून वाहत जाते. गंमत अशी की त्या नाटकाचा गाभाही हाच होता : महाराजांच्या नावाचा जयजयकार करणारे आपण त्यांचा विचार कुठे ठेवला?

चित्रपटाच्या निमित्ताने बोललो, पण हे प्रकरण आपल्या, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांच्या, दारापर्यंत येते. नेट-सेटच्या तयारीत जोड्या लावा हा प्रकार असतो. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर, नेमाडे ही ज्ञानपीठाची चार नावे विद्यार्थी वर्षांसह सांगतात. ‘ययाति’तली शर्मिष्ठा कशी आहे, ‘अष्टदर्शने’त विंदांना कोणाशी बोलायचे आहे, असे विचारले की मौन. पुरस्कार हा प्रश्नाचे उत्तर झाला की साहित्यकृती प्रश्न राहत नाही. आपल्या वर्गांतून बाहेर पडणारी मुले उद्या वर्ग घेणार आहेत. त्यांच्या हाती आपण नावांची यादी देणार की एखादी वाचलेली, पाहिलेली, पचवलेली कृती?

यावर एक आक्षेप येऊ शकतो. पुरस्कार नसते तर ‘श्वास’, ‘फँड्री’, ‘कोर्ट’ ही नावे तरी आमच्या मुलांपर्यंत पोहोचली असती का? नसती, हे मान्य करायलाच हवे. ‘श्वास’च्या यशाने मराठी चित्रपटाला नवे बळ दिले, वेगळ्या वाटेच्या निर्मात्यांना धीर आला. अलीकडे, २०२५ मध्ये, रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातले सर्वोच्च पारितोषिक मिळाले, म्हणूनच त्याचे नाव आमच्या वर्गात उच्चारले गेले. पुरस्कार हे निमंत्रण आहे. त्याची किंमत कमी नाही. पण निमंत्रणपत्रिका देव्हाऱ्यात ठेवून लग्नाला न जाणाऱ्याला काय म्हणावे?

खुद्द ऑस्कर देणाऱ्या अकादमीला २०२५ मध्ये एक नियम करावा लागला : ज्या विभागात अंतिम मत द्यायचे, त्या विभागातले सर्व नामांकित चित्रपट सदस्याने पाहिलेले असले पाहिजेत. ही साधी गोष्ट नियमात लिहावी लागावी, यातच सगळे आले. न पाहता मत देण्याची खोड केवळ आपलीच नाही, एवढाच दिलासा. आपल्यावर मात्र असा नियम घालणारी अकादमी नाही. अभिमान बाळगायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणूनच तो नियम आपला आपणच घालून घ्यायचा आहे. पुढची यादी लागेल तेव्हा कोण आले, कोण राहिले हे विचारण्याआधी एकमेकांना एवढेच विचारू : पाहिला का? आणि नसेल पाहिला, तर वर्गातला प्रोजेक्टर आहेच.