पकडलेला चेंडू

आमच्या भागातला जलतरण तलाव दुरुस्तीसाठी रिकामा केला आहे. परवा सकाळी फिरून येताना जाळीच्या दरवाजातून आत डोकावले. निळ्या फरशा, कोपऱ्यात साचलेला पाला, आणि पाण्याचा टिपूस नसतानाही नाकात शिरणारा क्लोरिनचा वास. पाणी काढून घेतल्यावर तलाव केवढा खोल दिसतो! तिथे उभ्या उभ्या मला बेलग्रेडची टेनिसपटू आना इवानोविच आठवली आणि दिवसभर मनातून गेली नाही.

आना अशाच एका तलावाच्या तळाशी खेळत मोठी झाली. नव्या बेलग्रेडमधल्या ‘११ एप्रिल’ क्रीडा संकुलातला ऑलिंपिक आकाराचा तलाव होता तो. हिवाळ्यात त्याचं पाणी गरम ठेवणं परवडेना, म्हणून तो रिकामा केला, तळाला गालिचा अंथरला आणि दोन टेनिस कोर्टं आखली. बाजूच्या भिंती रेषांना इतक्या खेटून होत्या की तिरका फटका मारायची सोयच नव्हती. चेंडू रेषेला धरून सरळ मारायचा, बस्स. येलेना यांकोविचही त्याच तळाशी खेळली. पुढे आनाचा तो सणसणीत फोरहँड रेषेलगत सुटला की मला प्रत्येक वेळी त्या भिंती दिसायच्या.

तिच्याविषयी लिहिणारे परदेशी पत्रकार हा तलाव आणि नाटोचे बॉम्ब एकाच वाक्यात कालवून टाकतात, त्याचा मला मनस्वी राग आहे. बॉम्बवर्षाव २४ मार्च ते १० जून १९९९ या ७८ दिवसांतला. तेव्हा आना अकरा वर्षांची होती आणि हल्ले टाळण्यासाठी भल्या सकाळी सराव करायची. तलाव मात्र गरिबीतून आलेला होता: निर्बंध, युद्धं, नोटांना किंमत न उरलेली वर्षं. बॉम्ब थांबले तरी हिवाळे यायचेच. एकाच दुःखात दोन दुःखं कोंबली की गोष्ट चटकदार होते खरी, पण ज्या आईबापांनी वर्षानुवर्षं त्या मुलांना तिथे नेलं-आणलं, त्यांचे कष्ट त्यात बुडून जातात.

आणि हे ‘११ एप्रिल’ नाव. ११ एप्रिल १९४८ला नव्या बेलग्रेडच्या बांधकामाला सुरुवात झाली. सावा आणि डॅन्यूब या नद्यांच्या मधली ती दलदल. तरुणांच्या श्रमदान पथकांनी तिथे राबून, रेतीची भर घालून जमीन तयार केली. टिटोच्या युगोस्लाव्हियाचं ते स्वप्न होतं. पाणी हटवून शहर उभं राहिलं, आणि पन्नासेक वर्षांनी, तो देश फुटून गेल्यावर, त्याच शहरातल्या तलावातलं पाणी हटवून मुलांनी टेनिस खेळलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असा माझा दावा नाही. पण एक आठवली की दुसरी मागोमाग येते.

आनाने रॅकेट हातात घेतली ती पाचव्या वर्षी, टीव्हीवर मोनिका सेलेसला बघून. सेलेस नोव्ही सादची, लागोपाठ तीनदा फ्रेंच ओपन जिंकलेली. आना सहा वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा, ३० एप्रिल १९९३ला, हॅम्बुर्गमध्ये भर सामन्यात सेलेसच्या पाठीत एका माणसाने सुरी खुपसली. जिच्याकडे बघून सुरुवात केली तिचंच असं झालेलं पाहूनही ती पोर खेळत राहिली. याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मला ते सगळ्यात मोठं वाटतं.

७ जून २००८. पॅरिसच्या लाल मातीवर दिनारा साफिनाला ६-४, ६-३ असं हरवून आना फ्रेंच ओपन जिंकली, तो सामना मी बाबांबरोबर पाहिला. त्याआधी उपांत्य फेरीत तिने यांकोविचलाच तीन सेटमध्ये हरवलं होतं. दोन दिवसांनी वीस वर्षांची आना जगात पहिली झाली, आणि ऑगस्टमध्ये तीच जागा यांकोविचकडे गेली. तलावाच्या तळाच्या दोन मुली, एकाच उन्हाळ्यात.

बाबा चित्रकलेचे शिक्षक. टेनिसचे गुण कसे मोजतात ते त्यांना शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही, पण बघायचे मन लावून. आनाची एक लकब त्यांनीच हेरली. सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू मनासारखा चढला नाही की ती रॅकेट न फिरवता तो परत हातात झेलायची आणि पुन्हा फेकायची. “नीट गेला नाही म्हणून परत घेतला. शहाणी आहे पोरगी,” बाबा म्हणाले. “वाकडा गेलेला चेंडू मारायचाच कशाला?”

टेनिसच्या नियमांना हे मान्य आहे. चेंडू फेकून पकडला तर चूक धरत नाहीत. एवढ्या कडक खेळात एवढी एक मायेची जागा आहे.

पुढच्या काही महिन्यांत मात्र त्या मायेची कसोटी लागली. विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत नताली देशीविरुद्ध पराभवाच्या उंबरठ्यावर असताना आनाचा चेंडू जाळीच्या पट्टीला लागून पलीकडे पडला आणि ती वाचली. पुढच्याच फेरीत चीनच्या झेंग जीने तिला सहज हरवलं. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या दुखापतीने बीजिंग ऑलिंपिक गेलं. अमेरिकन ओपनमध्ये, अव्वल मानांकित असताना, दुसऱ्याच फेरीत ती पात्रता फेरीतून आलेल्या ज्युली क्वाँकडून हरली. क्वाँ जगात १८८वी होती. आणि मग तो वर जाणारा चेंडू. तो डावीकडे झुके, मागे जाई, आना पकडे, पुन्हा फेके, पुन्हा पकडे. प्रेक्षकांतून हसू ऐकू यायचं. समालोचक म्हणायचे, हिच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. तिच्या रूपावर मिनिटामिनिटाला बोलणारे हेच लोक. २०१०च्या उन्हाळ्यात ती साठाच्याही खाली घसरली.

त्याच सुमारास बाबांना कंपवात झाला. फळ्यावर एका दमात, कर्कटकाशिवाय वर्तुळ काढणारा तो हात. आता पेन्सिल कागदापाशी न्यायचा आणि टेकवण्याआधी मागे घ्यायचा. पुन्हा न्यायचा. मी शेजारी बसून बघायचे आणि काही बोलायचे नाही. त्यांनी वाकडी रेघ कधी ओढली नाही. ओढलीच तर सरळ, आणि बहुतेक दिवस ओढलीच नाही.

जानेवारी २०१४मध्ये मेलबर्नला आनाने सेरेना विल्यम्सला हरवलं. पहिला सेट गमावून पुढचे दोन ६-३, ६-३. प्रत्येक मोठ्या गुणानंतर मूठ वळून “आयदे!” त्या वर्षी तिने चार स्पर्धा जिंकल्या. डिसेंबरात ती सानिया मिर्झा आणि रोहन बोपण्णाच्या संघातून खेळायला दिल्लीलाही आली होती. मला जायचं होतं, पण बाबांना सोडून निघणं शक्य नव्हतं. सेरेनाच्या सामन्याचं मी त्यांना अंथरुणाशी बसून सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, “चेंडू किती वेळा परत घेतला?”

ते कुठे लिहिलेलं नसतं. एस मोजतात, दुहेरी चुका मोजतात, पहिल्या सर्व्हिसची टक्केवारी काढतात. परत झेललेल्या चेंडूला टेनिसच्या हिशेबात रकाना नाही. २८ डिसेंबर २०१६ला, एकोणतिसाव्या वर्षी, आनाने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा सगळीकडे तेच आकडे आले: एक ग्रँड स्लॅम, पंधरा विजेतेपदं, बारा आठवडे पहिला क्रमांक. त्या ‘एक’ला अनेकांनी ‘फक्त’ जोडलं. तळाला गालिचा घातलेल्या तलावातून पॅरिसला पोचलेल्या मुलीच्या ‘एक’मागे ‘फक्त’ लावायचा हक्क यांना कुणी दिला?

बाबा गेल्यापासून मीच मोजते. तिचे जुने सामने लावते, चेंडू हातात परत आला की वहीत एक खूण करते. सेरेनाचा सामना झाला, साफिनाचा झाला. क्वाँचा लावायचं धाडस अजून होत नाही. पण क्वाँ अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठात शिकता शिकता टेनिस खेळली, आणि त्या दिवशी पलीकडे चेंडू किती वेळा वर जाऊन परत येतोय याकडे न बघता आपला खेळ खेळत राहिली. तो तिच्या आयुष्यातला मोठा दिवस होता. निदान तिच्यासाठी तरी तो सामना एकदा पूर्ण बघायला हवा.