सव्वीस एएस कोरा

मालिका बंद पडल्याचं दुःख केव्हाच ओसरलं. टीडीएसचं अजून गेलेलं नाही.

त्याआधीचं सगळं नेहमीचंच. एकांकिका, वरळीच्या दूरदर्शन केंद्रावर निवेदन, १९९९मध्ये अल्फा मराठी आल्यावर मालिका, अधूनमधून दिवाळी पहाटचं सूत्रसंचालन.

२०२१च्या एप्रिलमध्ये करोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं, तेव्हा आमचं युनिट गोव्याला गेलं. मे उजाडताच तिथलीही परवानगी रद्द झाली. आमच्याकडे पैसे ९० दिवसांनी मिळतात. त्या वेळी त्याहून कितीतरी उशिरा मिळाले. त्याबद्दल तक्रार नाही, सगळ्यांचीच ओढाताण होती. पण पैसे आले ते दहा टक्के टीडीएस कापून, आणि पुढच्या वर्षी सीएचा फोन आला, "ताई, सव्वीस एएसमध्ये त्या प्रॉडक्शनची एकही एंट्री नाही."

सव्वीस एएस म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा. त्यात एंट्री नाही, म्हणजे सरकारच्या नावाने माझ्याकडून कापलेले पैसे सरकारकडे पोचलेच नव्हते! पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायचे असतात ते. अकाउंट्समधला मुलगा म्हणाला, "मॅडम, क्वार्टर संपू दे." क्वार्टर संपलं. मग "रिटर्न रिव्हाइज करतोय." मग त्याने नोकरीच सोडली. निर्मात्यांना गाठलं तर ते गोव्यातल्या हॉटेलचं बिल ऐकवायला लागले. अहो, बिल तुमचं, कर माझा! कर कापल्याचं प्रमाणपत्र, सोळा ए, मागितलं तर म्हणे, "तुम्ही आमच्या घरच्या." घरच्यांचे पैसे असे कापतात?

कापलेला कर पुन्हा कलाकाराकडून वसूल करता येत नाही, असं तेव्हाच्या, १९६१च्या आयकर कायद्याचं कलम २०५ सांगत होतं. पण कापला हे दाखवायचं कशावरून? व्हाउचरवर सही माझी, प्रत त्यांच्याकडे. बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सअॅपवरचे कॉलटाइम, सगळं जोडून आयकर खात्याला पाठवलं. उत्तरादाखल व्याजासकट मागणी आली. शेवटी कंटाळून भरून टाकली. नातेवाईक म्हणाले, तुला काय कमी, रोज टीव्हीवर दागिन्यांनी मढलेली असतेस. ते दागिने युनिटचे असतात हो, पॅकअपला मोजून परत घेतात.

नव्या मुलामुलींना मी सांगते, टीआरपी बघता तसा दर तिमाहीला आपल्या नावावर जमा झालेला टीडीएस बघा, आणि कर भरल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय त्या निर्मात्याला पुढच्या तारखा देऊ नका.

परवा त्याच निर्मात्यांचा फोन आला. नायकाची आत्या, खाष्ट पण विनोदी. अशी भूमिका माझ्या वयाच्या बाईला कुठे मिळते? माणूस तसा वाईट नाही. तारखा दिल्या. जुना हिशेब काढला नाही. काढला असता तर आत्या दुसरीला गेली असती.