जुनी जीप आणि बिनतारी यंत्र

जुन्या वाड्यांत नवी सून आली म्हणजे वाड्यानें तिची व तिनें वाड्याची रीत ओळखून घ्यावी लागते. सर्व जुळवून घेणें एकाच बाजूनें व्हावें, असें म्हटल्यास संसार चालत नाहीं. जुन्या मोटारींत नवें बिनतारी यंत्र बसवितांनाही हाच न्याय लागू पडतो. हें काम आम्हीं एका जुन्या पेट्रोलच्या जीपवर केलें. त्यांत जें शिकावयास मिळालें, तें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, म्हणून हा लेख.

"ज्याच्या त्याच्या खिशांत टेलिफोन असतां हा खटाटोप कशाला?" असें पुष्कळांनीं आम्हांस विचारलें. त्याचें उत्तर 2021 च्या जुलै महिन्यांत मिळालें. त्या अतिवृष्टींत महाबळेश्वरहून पोलादपुराकडे उतरणारा आंबेनळी घाट दरडी कोसळून बंद पडला व डोंगरांतील कित्येक गांवांशीं संपर्क तुटला. खिशांतील टेलिफोन मनोऱ्यावर अवलंबून, आणि मनोरा विजेवर. मामांकडे राहिलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याचे आईवडील त्या डोंगरांत होते. दोन दिवस त्यांची कांहींच वार्ता नव्हती, आणि मुलगा भरल्या पानावरून उठून जाई. तिसऱ्या दिवशीं ते सुखरूप असल्याचा निरोप आला. पण "आम्ही बरे आहोंत" या तीन शब्दांचें मोल किती असतें, हें त्या दोन दिवसांनीं आम्हांस शिकविलें. 26 डिसेंबर 2004 रोजीं समुद्राच्या लाटांनीं अंदमान बेटांचा संपर्क तोडला, तेव्हांही तेथें हौसेनें गेलेल्या बिनतारी मंडळींनींच आपल्या लहानशा यंत्रांवरून लोकांचे निरोप पोंचविले होते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगूं. असें यंत्र कोणीही विकत आणून वापरूं लागावें, असा प्रकार नाहीं. त्यास सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. परवाना मिळाला म्हणजे प्रत्येकास स्वतःची खूण मिळते, व बोलतांना ती सांगावी लागते. आम्हीं व आमच्या एका स्नेह्यांनीं ही परीक्षा दिली आणि मगच जीपकडे वळलों.

जुन्या गाडीस पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, कीं तुझी वीज किती व कोणत्या दिशेची? आजचीं यंत्रें सुमारें 13.8 व्होल्टवर चालतात, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीच्या गाडीस तीं योग्य. परंतु दुसऱ्या महायुद्धांतील विलीस जीपची बॅटरी 6 व्होल्टचीच असे. शिवाय ब्रिटिश बनावटीच्या अनेक जुन्या मोटारींत बॅटरीचें ऋण टोक सांगाड्यास न जोडतां धन टोक जोडलेलें असे. अशा गाडींत यंत्र डोळे मिटून जोडलें, तर तें क्षणांत जळून जावयाचें. आमची जीप 12 व्होल्टची व ऋण टोक सांगाड्यास जोडलेली निघाली. तरी मीटर लावून पाहिल्यावांचून आम्हीं एकही वायर जोडली नाहीं.

आमच्या मदतीस गांवांतील एक वयोवृद्ध मिस्त्री होते. दिव्याच्या वायरीवरूनच यंत्रास वीज घ्यावी काय, असें आम्हीं विचारतांच ते हंसून म्हणाले, "मास्तर, वायरींत दहा रुपये वांचवाल आणि गाडी घालवाल!" मिस्त्रींनीं ओहमचा नियम वाचला नसेल, पण तो त्यांच्या हाताला ठाऊक होता. मुलांनो, वर्गांतील तें गणित येथें लावून पाहा. यंत्र बोलतांना सुमारें 10 अँपिअर वीज ओढतें. जाण्यायेण्याच्या वायरींचा अवरोध केवळ 0.1 ओहम असला, तरी 1 व्होल्ट वाटेंतच खर्च होतो. म्हणून जाड वायरी थेट बॅटरीपासूनच आणाव्या.

दोन्ही वायरींवर बॅटरीजवळच फ्यूज घातले. फ्यूज हा मुख्यतः वायरीचा रखवालदार होय. तो यंत्राशेजारीं बसविला, तर अलीकडच्या वायरीची राखण कोण करणार? ऋण वायरीस फ्यूज कशाला, असें कोणी म्हणेल. जुन्या गाडींत इंजिन व बॅटरी यांस जोडणारी पट्टी गंजून तुटली, तर स्टार्टरची शंभरांहून अधिक अँपिअर वीज परतीची वाट यंत्रांतून शोधूं लागते. पत्र्यांतून वायर नेली तेथें छिद्रांत रबरी कडें बसविलें, नाहींतर धक्क्यांनीं पत्र्याची धार वायरीचें कवच कापते.

पुढें एरियल. आम्हांस मिळालेल्या लहरींची लांबी सुमारें 2 मीटर, म्हणून पाव लहरीची काडी सुमारें 49 सेंटिमीटर भरते. अशा काडीस खालीं रुंद पत्रा लागतो. पण जीपच्या डोक्यावर कापडी छत! म्हणून ती बॉनेटच्या कडेस बसविली, बुडाखालचा रंग खरवडून धातूस धातू भिडविला व वर ग्रीस लाविलें. मग मीटरवर तपासून काडी थोडी थोडी कापीत योग्य मापास आणली. एरियल जोडल्याविना यंत्रावर बोलूं नये, आणि बोलणें चालूं असतां एरियलला हात लावूं नये.

इंजिन सुरू करतांच यंत्रांत तडतड ऐकूं आली, आणि वेग वाढवितांच एक बारीक शीळ. तडतड स्पार्क प्लगची, शीळ डायनमोची. प्लगांस अवरोधक टोप्या घातल्या. डायनमोच्या वीज देणाऱ्या टोकास व सांगाड्यास मिळून कंडेन्सर जोडला. बॉनेट जाड पट्टीनें सांगाड्याशीं बांधलें. आवाज मावळला. जुना डायनमो इंजिन मंद चालत असतां जवळजवळ कांहींच वीज देत नाहीं, म्हणून उभ्या गाडींत लांबण लावून बोलूं नये.

चांचणीच्या दिवशीं स्नेही पांचगणीच्या टेबललँडवर गेले व आम्ही वाईहून पसरणीचा घाट चढूं लागलों. उघड्या वळणावर त्यांचा आवाज शेजारीं बसल्यासारखा येई. डोंगर आड येतांच मुका होई. या लहरी बहुतेक दृष्टीच्या रेषेंतच चालतात. त्यामुळें संकटाचे वेळीं कोणत्या वळणावर थांबून बोलावें, याची खूण आम्हीं त्याच दिवशीं नकाशावर करून ठेविली. यंत्राइतकाच तो नकाशाही मोलाचा आहे.

पालकांस एक विनंति. आपला मुलगा वा मुलगी घरांतील मोडकें यंत्र उघडून बसली, तर रागें भरूं नका, तें विजेस जोडलेलें नाहीं ना, एवढें पाहा, आणि जवळ बसून "हें कशासाठीं?" असें विचारा. आणि मुलांनो, या यंत्रावर एका वेळीं एकालाच बोलतां येतें. कळ दाबली कीं कान बंद होतात. म्हणून या हौसेचा पहिला नियम असा, कीं आधीं ऐकावें, मग थोडक्यांत बोलावें, आणि कळ सोडून दुसऱ्यास वाट द्यावी. वर्गांत व घरांतही तो चालविण्यास परवाना लागत नाहीं.