दोन वर्षं दाखवू का?

फेब्रुवारीत कॉलेजातून फोन आला. शेवटच्या वर्षाच्या मुलांना तासभर ‘करिअर मार्गदर्शन’ करायचं होतं. फोन करणाऱ्या सरांनीच २०१९ साली मला प्लेसमेंटच्या हॉलमधून बाहेर बसवलं होतं. त्यांचा काही दोष नव्हता. कंपनीचा नियम होता : दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीकडे किमान ६० टक्के. मला बारावीला ५६. सरांना हे आठवत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की मी आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, मेकॅनिकलचा असून.

मी बावीस स्लाइड केल्या. डेटा स्ट्रक्चर्स, गिटहब, लिंक्डइन, इंग्रजी बोलायचा सराव. शेवटच्या स्लाइडवर डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा असलेला माणूस. हा माणूस सगळ्यांच्याच शेवटच्या स्लाइडवर असतो, मी का सोडू?

भाषण बरं झालं. जावा शिकू की पायथन, एआयमुळे नोकऱ्या राहतील का, असे प्रश्न आले. मी छापील उत्तरं दिली. शाल, नारळ, फोटो. मग गाडीपाशी आलो तर एक मुलगा उभा होता. २०२४ ला पास झालेला, मेकॅनिकलच. कॉलेजात कार्यक्रम आहे कळल्यावर मुद्दाम आलेला. इकडेतिकडे बघून त्याने हळूच विचारलं,

‘‘सर, दोन वर्षं दाखवू का?’’

ज्यांनी पुण्यात कॉट बेसिसवर दिवस काढलेत त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. बाकीच्यांसाठी : फ्रेशरला कोणी दारात उभं करत नाही, पण दोन वर्षांचा अनुभव असलेल्याला इंटरव्ह्यूचे फोन येतात. म्हणून अनुभव विकत मिळतो. एखादी कन्सल्टन्सी तुम्हाला ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, रिलिव्हिंग लेटर असं सगळं देते. जास्त पैसे मोजले तर तुमच्या नावाने पीएफही भरते, म्हणजे पुढच्या कंपनीने तपासलं तर यूएएनवर नोंद दिसते. पडताळणीचा फोन गेला तर उचलणारा माणूसही त्यांचाच असतो. ‘हो, आमच्याकडे होता, चांगला मुलगा.’

मी त्याला म्हटलं, चल, चहा घेऊ.

टपरीपर्यंत चालत जाताना माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. नको रे, खोटेपणा कधी ना कधी उघडा पडतो, मेहनत कर, माझं बघ. पण ‘माझं बघ’ म्हणायची सोय नव्हती.

२०१९ मध्ये मी पास झालो तेव्हा वाहन उद्योगात मंदी होती. चाकणला कंत्राटी ट्रेनी म्हणून महिना दहा हजारांत लागलेले मित्रही परत पाठवले जात होते. मग मीही सगळ्यांसारखा आयटीकडे वळलो. कर्वेनगरात एका खोलीत चौघं. सकाळी क्लास, दुपारी मेसचा डबा, रात्री ॲप्टिट्यूड. रोज उठल्यावर नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइलमध्ये एखादा स्वल्पविराम बदलून सेव्ह करायचं, म्हणजे प्रोफाइल ‘ताजं’ दिसतं. क्लासच्या फ्लेक्सवर ‘१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’ असायचं. त्यातला ‘असिस्टन्स’ बारीक अक्षरात. हिंजवडीला वॉक-इनला गेलं की गेटवरचा वॉचमनच विचारायचा, ‘फ्रेशर? फ्रेशर घरी जा.’ त्याला शिकवून ठेवलेलं असायचं. पण एकदा त्याने पाणी दिलं होतं, हेही सांगायला हवं.

आमच्या खोलीत एक नांदेडचा होता. आम्ही त्याला नांदेडकरच म्हणायचो. कोडिंग त्याचं माझ्यापेक्षा चांगलं. जानेवारीत त्याने सत्तर हजार देऊन अडीच वर्षं दाखवली आणि फेब्रुवारीत त्याला नोकरी लागली. त्याने आम्हाला पार्टी दिली. त्या रात्री मला झोप आली नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच कन्सल्टन्सीत जाऊन पंधरा हजार ॲडव्हान्स भरून आलो. वडील एसटीत ड्रायव्हर. त्यांना सांगितलं, ‘ॲडव्हान्स कोर्स’ आहे. तसं खोटंही नव्हतं. त्यांनी सोसायटीतून उचलून पाठवले. कागदपत्रं एक एप्रिलला मिळणार होती.

बावीस मार्चला जनता कर्फ्यू, चोवीसला लॉकडाऊनची घोषणा. मी कसाबसा बार्शीला घरी पोचलो. कन्सल्टन्सीवाल्याचा फोन एप्रिलभर बंद, मग नंबर अस्तित्वात नाही. पंधरा हजार गेले ते गेलेच.

म्हणजे माझ्या रिझ्युमेवर खोटं नाही, कारण ते खोटं विकणारा माणूस वेळेवर पळून गेला. हे मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. वडिलांना तर आजही ‘कोर्स बंद पडला’ एवढंच माहीत आहे.

मुलाला हे सगळं सांगितलं. त्याचा चहा निवून गेला. मग त्याने नेमका प्रश्न विचारला, ‘‘पण तुमच्या त्या मित्राचं काय झालं?’’

हा प्रश्न अवघड, कारण त्याचं वाईट झालं नाही. पहिले सहा महिने तो रोज रात्री हैदराबादच्या कोणाला तरी पैसे देऊन आपलं काम समजावून घ्यायचा. मग काम यायला लागलं. दुसरी कंपनी बदलताना पडताळणीत अडकला, ऑफर रद्द झाली, दोन महिने घरी बसला. पुढे छोट्या कंपनीत लागला. आज त्याचा पगार माझ्याएवढाच असेल, कदाचित जास्त. फक्त एचआरचा साधा मेल आला, दिवाळीच्या सुट्ट्यांचा, तरी उघडण्याआधी त्याच्या पोटात गोळा येतो. आणि लिंक्डइनवर आमच्या बॅचच्या फोटोत तो स्वतःला टॅग करू देत नाही, कारण त्याच्या रिझ्युमेनुसार त्या फोटोच्या वेळी तो दोन वर्षं नोकरीत होता.

‘‘एवढंच?’’ मुलगा म्हणाला.

एवढंच. मी त्याला जास्त भीती दाखवू शकलो नाही. अडकून कायमचे घरी बसलेलेही आहेत, पण ते कोणी कॉलेजात भाषणाला बोलावत नाही.

माझं पुढे कसं झालं, ते मात्र मी स्लाइडवर एका ओळीत उडवलं होतं : ‘लॉकडाऊनमध्ये स्किल डेव्हलप केली.’ खरी गोष्ट अशी : मामा बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर दिवाणजी आहेत. हंगामात रात्री अकरापर्यंत हिशोबपट्ट्या लिहायचे. तुरीचं वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई, शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल. त्यांची पाठ धरली म्हणून मी मदतीला जायला लागलो आणि कंटाळून एक छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्याच आठवड्यात फजिती. हमाली पोत्यावर असते, तोलाई वजनावर, आणि शेवटचं पोतं अर्धं असेल तर हमाली पूर्ण की अर्धी? मी अर्धी धरली होती. हमालांनी मामांना घेरलं. पैशांचं मी दशांशात गणित केलं होतं, त्यामुळे दिवसाच्या शेवटी बेरीज दोन-तीन पैशांनी चुकायची, आणि मामा म्हणाले, ‘दोन पैसे चुकले तरी मालक मलाच चोर म्हणणार.’ सगळं पुन्हा लिहिलं, पैसे पूर्णांकात ठेवले. दोघं एकाच वेळी एकाच शेतकऱ्याची उचल लिहायला लागले की एकाची नोंद पुसली जायची, त्यावर आठ दिवस गेले. वर्षभर ते दुकान त्यावर चाललं. मला मिळाले दोन पोती तूर. मामींनी डाळ करून अर्धी आमच्याकडे पाठवली.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये इंटरव्ह्यूला समोरच्या बाईंनी बाकी रिझ्युमे वाचलाच नाही. अर्धा तास फक्त अर्ध्या पोत्याच्या हमालीवर बोललो.

ही गोष्ट चांगली आहे, मला आवडते. पण मी तिच्यावरच नोकरी मिळवली असं म्हणालो तर ते दोन वर्षं दाखवण्यासारखंच होईल. २०२१ मध्ये आयटीला माणसं मिळत नव्हती. एकट्या टीसीएसने २०२१-२२ या वर्षात निव्वळ एक लाखाहून जास्त माणसं वाढवली. त्या महिन्यांत माझ्या कंपनीने साठ टक्क्यांची अट काढून टाकली होती, म्हणून माझा रिझ्युमे त्या बाईंपर्यंत पोचला. हा मुलगा पास झाला त्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो मिळून साठ हजारांहून जास्त माणसं कमी झाली. अर्ध्या पोत्याची हमाली त्यालाही येत असेल. विचारणार कोण?

तरी जे ठाऊक होतं ते सांगितलं. दोन वर्षं विकत घेण्याआधी एक वर्ष खरं मिळतं का बघ. केंद्र सरकारची नॅट्स नावाची अप्रेंटिसशिप योजना आहे, डिग्री-डिप्लोमावाल्यांसाठी. स्टायपेंड थोडा असतो, पुण्याचं भाडं त्यात भागत नाही, पण वर्षाच्या शेवटी मिळणारं प्रमाणपत्र तपासायला कोणीही फोन करू दे. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, आणि त्यावर एमटेकला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये मिळतात. मेकॅनिकल मनापासून आवडत असेल तर तो रस्ता बंद नाही. टेस्टिंग, सपोर्ट, छोट्या कंपन्या, रात्रपाळी, यांना नाक मुरडू नको. आणि गॅप आहे तर गॅप आहे म्हण. तो मान हलवत होता. यातलं निम्मं त्याला आधीच माहीत होतं.

उठताना म्हणाला, ‘‘दादा, लॉकडाऊन नसता लागला तर?’’ एव्हाना सरांचा दादा झाला होता.

‘‘उरलेले पंचावन्न हजार भरले असते.’’

तीन आठवड्यांनी त्याने रिझ्युमे पाठवला. त्यात अनुभवाचा रकाना रिकामा आहे. गावातल्या दूध डेअरीवर त्याने फॅट मोजायच्या मशीनमधून आकडे थेट एक्सेलमध्ये घ्यायची सोय केली आहे, ते सगळ्यात खाली, ‘छंद’मध्ये लिहिलं होतं. मी फोन करून ते वर घ्यायला लावलं. मग आमच्या कंपनीच्या रेफरलच्या फॉर्मवर त्याची माहिती भरायला बसलो. तिसरा रकाना बारावीचे टक्के. त्याचे ५७. फॉर्म पुढे जाईना. साठची अट २०२३ मध्ये परत आली आहे. मागच्या वर्षी चारशे रिझ्युमे चाळायचं काम माझ्याकडे होतं तेव्हा मीच तो फिल्टर लावला होता आणि दुपारी जेवायला वेळेवर गेलो होतो.

एचआरला मेल लिहिला आहे. एका मुलासाठी अट बाजूला ठेवा असं आधी लिहिलं होतं, ते खोडून बारावीचा रकानाच का हवा असं विचारलं. माझे स्वतःचे ५६ टक्केही त्यात लिहिले. आज नववा दिवस. उत्तर आलेलं नाही. त्या मुलाचा काल मेसेज होता, ‘‘दादा, काही कळलं का?’’