गाडी पुसणाऱ्या हातांची लाज कुणाला?

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही शिरड शहापूरच्या आमच्या घरासमोर, लिंबाच्या सावलीत गाडी धुवायला घेतली. दोन बादल्या, चार फडकी, गाडीच्या शाम्पूची एक बाटली. वडील ओट्यावर बसून बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "मालकाची जीप पुसून पुसून आमची हाडं झिजली. तुला येम्मे केलं ते हेच करायला व्हय?"

समाजशास्त्राची पदवी घेताना श्रम या विषयावर आम्ही पानंच्या पानं वाचली होती. पण ओट्यावरून आलेल्या या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे.

वडील सालगडी होते. मालकाची जीप रोज धुवायची, सीट पुसायची, आरसे लखलखीत करायचे हे त्यांचं काम. मात्र त्या सीटवर बसायचं नाही. वसमतच्या बाजाराला जाताना त्यांची जागा मागं, हळदीच्या पोत्यांवर. चकाकी त्यांच्या हाताची, मान मालकाचा. त्यामुळे फडकं हातात घेणं म्हणजे कमीपणा, हे त्यांच्या मनात बसलं असेल तर दोष त्यांचा नाही.

आपल्या समाजाचा आणि वाहनाचा इतिहास साधा नाही. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरले, तेव्हा त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची, या अटीवर गाडी मिळाली. वाटेत प्यायला पाणीही मिळालं नाही. १९२९ साली तेच भीमराव बॅरिस्टर होऊन, सरकारी समितीचे सदस्य म्हणून चाळीसगावला उतरले. टांगेवाला टांगा द्यायला तयार, पण हाकायला तयार नाही. मग वस्तीतल्याच एका माणसानं लगाम हातात घेतला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा कलंडला, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले आणि त्यांचा पाय मोडला. पदवी, पद, पैसा सगळं होतं. टांगेवाल्याच्या लेखी जात त्याहून मोठी होती. हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' प्रत्येक तरुणानं वाचावं.

म्हणून वस्तीतल्या दारात गाडी उभी राहते तेव्हा काहींच्या डोळ्यांत ती खुपते. आमची गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, गडद निळ्या रंगाची. पेशंटला हिंगोली-नांदेडला नेणं, पोरांचे शिष्यवृत्तीचे कागद, कोर्टाची तारीख, सगळं तिच्यावरच चालतं. तरी "समाजकार्यात बरीच कमाई दिसते" हा टोमणा ऐकावा लागलाच. त्याचं आम्हाला काही वाटत नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

उन्हाळ्यात गाडी एका वॉशिंग सेंटरवर दिली होती. परत आणली आणि उन्हात बघितलं तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे. धुणाऱ्या पोरानं चाकं पुसलेल्या फडक्यानंच वरचा रंग पुसला होता. आम्ही परत गेलो आणि त्याच्यावर ओरडलो, "अक्कल आहे का तुला?" पोरगा खाली मान घालून उभा राहिला. हाताची कातडी पाण्यानं पांढरी पडलेली, बोटांना रसायनानं भेगा. हातमोजे नाहीत. आडनाव विचारलं तर आपल्यातलाच निघाला. आपला नसता तरी काय फरक पडत होता? आमच्या तोंडून त्या दिवशी मालकाचा आवाज निघाला, ही खरी लाज. गाडीच्या मागच्या काचेवर 'जय भीम' आणि समोरच्या पोराला 'अक्कल आहे का?'

त्यानंतर आम्ही ठरवलं, हे काम स्वतः शिकायचं. शिकल्यावर कळलं की ज्याला आपण 'नुसतं पुसणं' म्हणतो त्यात किती शास्त्र आहे. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कमी. ओरखडे पडतात ते याच थरावर. म्हणून आधी नुसत्या पाण्यानं धूळ-चिखल उतरवायचा. मग एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खंगाळून मगच शाम्पूत बुडवायचं. वरून खाली यायचं, चाकांचं फडकं वेगळं ठेवायचं. कपड्याचा सोडा किंवा भांड्याचं साबण वापरायचं नाही, त्यानं मेण निघून जातं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. ते रंगावर वाळलं की पांढरे डाग बसतात, म्हणून सावलीत धुवायचं आणि लगेच टिपून घ्यायचं.

धुतल्यावर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून रंगावरून हात फिरवायचा. खरखर लागली तर क्ले नावाची चिकणमातीसारखी वडी ओल्या रंगावरून हलकी फिरवायची. ती खाली पडली की टाकूनच द्यायची, कारण चिकटलेला खडा नवा ओरखडा काढतो. ओरखड्यावर नख अडकत असेल तर तो पॉलिशनं जात नाही. अडकत नसेल तर रबरी पट्ट्यांना टेप लावून, आधी एका कोपऱ्यावर पॉलिश करून बघायचं आणि मग हात-दीड हाताचा एकेक तुकडा घ्यायचा. लक्षात ठेवायचं की पॉलिश ओरखडा भरत नाही. आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीला आणतं. दर महिन्याला चमकवायच्या नादात घासत राहिलं तर एक दिवस संरक्षणच संपतं. शेवटी मेणाचा अगदी पातळ हात.

आता प्रश्न असा. हेच काम पुण्या-मुंबईत काचेच्या दुकानात झालं की त्याला 'डिटेलिंग' म्हणतात आणि त्याचे हजारो रुपये होतात. आमच्याकडं पोरानं केलं की ते 'गाडी पुसणं', आणि दिवसाची मजुरी जेमतेम. फडकं तेच, हात तसेच. मग फरक कशानं पडला? ज्ञान, साधनं आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी त्या पोरापर्यंत पोहोचूच दिल्या नाहीत म्हणून. जातिव्यवस्था ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलं. ती उतरंड वॉशिंग सेंटरवरही उभी आहे. हळदीचंही तसंच. ड्रममध्ये घोळून चमकवलेल्या हळदीला भाव मिळतो. ती शिजवणाऱ्या, वाळवणाऱ्या आयाबायांच्या पिवळ्या हातांना कोण विचारतो?

काही मित्र म्हणतील, गाडीचं पॉलिश हा काय चळवळीचा विषय आहे? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडं मजूर खातं होतं, हे आपण भाषणात अभिमानानं सांगतो. मग मजुराच्या हातातले मोजे हा आपला विषय का नाही? आम्ही त्या पोराची माफी मागितली. हातमोजे दिले, दोन बादल्यांची रीत दाखवली. ते उपकार नव्हते, देणं होतं. त्याच्या मजुरीचं मालकाशी बोलणं अजून चालू आहे.

तरुण मित्रांनो, गाडी घ्या, चमकवा, दिमाखात फिरवा. तो आपला हक्क आहे. पण स्वतःची गाडी एकदा तरी स्वतःच्या हातानं धुवा. आणि दुसऱ्याकडून धुवून घेतली तर त्याला नावानं हाक मारा, पूर्ण दाम द्या.

त्या रविवारी बॉनेटवर वाळलेली कावळ्याची विष्ठा आम्ही खरवडायला लागलो, तसे वडील ओट्यावरून उठले. "आरं, घासू नको. ओलं फडकं ठेव त्याच्यावर, भिजू दे. रंग खातं ते." पुस्तकात आम्ही नंतर वाचलं, वडिलांना ते चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. त्यांना कुणी कारागीर म्हटलं नव्हतं, एवढंच. मग फडकं त्यांच्या हातात गेलं, आम्ही पाणी देत राहिलो. काम झाल्यावर ते पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चल, औंढ्यापर्यंत चक्कर मारून येऊ."

जय भीम!